कँडी पुण्यापेक्षाही खाली आहे, काका

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास उगवतो. यंदा तो वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाठवला: "लंका विषुववृत्ताजवळ, तिथे कसली थंडी! नुवारा एलिया म्हणजे आपलं महाबळेश्वरच. तरी जायचंच असेल तर मे महिन्यात जा. कँडी, नुवारा एलिया, एल्ला यांतलं कुठलंही एक करा, तिन्ही सारखीच. आणि घाटातली ट्रेन म्हणजे माथेरानची झुकझुक." खाली जोडलेले हात. यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे.

आधी थंडीचं बघू. नुवारा एलिया (तिथले लोक भरभर बोलताना 'नुरेलिया' म्हणतात) विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर आहे, हे खरं. पण ते आहे १८६८ मीटर उंचीवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. कोलंबोच्या सत्तावीस-अठ्ठावीसातून बारा वजा करा. सोळाच्या आसपास येता, आणि तिथली वर्षाची सरासरी तेवढीच आहे. विषुववृत्ताजवळ असल्याचा परिणाम वेगळाच होतो: महिन्यामहिन्यांत फारसा फरक पडत नाही. जानेवारीत पहाटे पुण्याच्या शिवाजीनगरचा पाराही दहाच्या खाली उतरतो, पण दुपारी आपण घामाघूम. तिथे दुपारीही विशीच्या आसपास, आणि एप्रिलमध्येही तसंच. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. तसं तिकडेही जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या पहाटे होतं. आम्ही गेलो तेव्हा खोलीत पंखा नव्हता, हीटर होता. सौ.नी स्वेटर घ्यायला लावले म्हणून वाचलो.

"तिन्ही सारखीच" हे वाक्य मात्र सगळ्यात महागात पडणारं. कँडी सुमारे ५०० मीटरवर, पुणे ५६० वर. म्हणजे गारव्यासाठी कँडीला जाणारा पुणेकर खाली उतरतो आहे! दळदा मंदिरासाठी (तिथे बुद्धाचा दात जपलाय), तळ्यासाठी जरूर जा, स्वेटर बॅगेतच राहील. एल्ला हजाराच्या थोडं वर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही (सुमारे १३७० मीटर) तीनशे मीटर खाली. दुपारी तिथे ऊन चांगलंच लागतं.

आता मे. आपल्या सुट्टीशी जुळतो एवढाच त्याचा गुण. पुण्यात पाऊस यायला जूनचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो; तोच नैर्ऋत्य मोसमी वारा लंकेला मे अखेरीस गाठतो आणि नुवारा एलियाची पश्चिम बाजू धुऊन काढतो. पण हे वाचून बेत रद्द करू नका. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला एक तृतीयांशावर येतो आणि वाईत आणखी कमी होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लंकेतही डोंगराच्या पूर्वेला, एल्ला-बदुल्लाच्या ऊवा भागात, जून ते ऑगस्ट कोरडा, सोसाट्याचा वारा असतो. ऊवाचा उत्तम चहा जुलै-सप्टेंबरचा, तो या वाऱ्यामुळेच; पश्चिमेकडच्या दिंबुलाचा जानेवारी-मार्चचा. चहावाल्यांचं हे वेळापत्रक काकांच्या मजकुरापेक्षा भरवशाचं. नाताळानंतर मार्चपर्यंत नुवारा एलिया, पावसाळ्यात एल्ला. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष असतं. तेव्हा अख्खी लंका नुवारा एलियात आणि खोल्यांचे भाव आभाळात.

महाबळेश्वरची तुलना, ही ती अर्धी खरी गोष्ट. साहेबाने उकाड्याला कंटाळून वसवलेलं गाव, बोटिंगचा तलाव, स्ट्रॉबेरी, गाजरं, सगळं जुळतं. पण महाबळेश्वर म्हणजे जांभा, कडे आणि जंगल. लंकेच्या डोंगरावर आधी कॉफी होती. १८६९ पासून तिच्यावर तांबेरा पडला, मळे बसले आणि चहा आला. डोंगरच्या डोंगर चहाच्या सारख्या छाटलेल्या झुडपांचे, आणि त्यांत राबायला तमिळ मुलखातून आणलेली माणसं. त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत, म्हणून रस्त्याकडेला कोविल, म्हणजे तमिळ देऊळ, दिसतं आणि गरम वडे मिळतात. शाकाहारी मंडळींची सोय त्यांच्यामुळे होते.

राहिली ट्रेन. माथेरानची दोन फुटी. लंकेची घाटातली लाइन साडेपाच फूट रुंद, म्हणजे आपल्या पुणे-मुंबईचीच ब्रॉडगेज. फक्त आपली खंडाळ्याला दमते आणि ती पट्टीपोळाला जवळजवळ १९०० मीटरवर जाते. नुवारा एलियासाठी नानू ओयाला उतरायचं, गावात स्टेशन नाही. निघण्याआधी गाड्या कुठपर्यंत धावताहेत ते मात्र विचारून घ्या, दरडी तिकडेही कोसळतात.

काकांना हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यांचा अंगठा आला. दहा मिनिटांनी तोच मजकूर त्यांनी दुसऱ्या ग्रुपवर टाकला. तिथेही मी आहे.