इलेक्टोरल कॉलेज राहिलंच पाहिजे

अमेरिकेत प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, बहुतेक राज्यांत जिंकणारा ती सगळी नेतो आणि २७० मिळवणारा राष्ट्राध्यक्ष होतो. याच पद्धतीला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. २०२४ च्या निवडणुकीत कमला हॅरिस डेमोक्रॅट्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या आणि टिम वॉल्झ उपराष्ट्राध्यक्षपदाचे. वॉल्झ त्या वर्षी ८ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात निधी गोळा करायला गेले होते. तिथे ते बोलून गेले की इलेक्टोरल कॉलेज जायला हवं आणि देशभरातल्या एकूण मतांवरच राष्ट्राध्यक्ष ठरायला हवा. हॅरिस यांच्या प्रचारयंत्रणेने लगेच हात झटकले, ही आमची भूमिका नाही म्हणून. पण वॉल्झ यांची जीभ घसरली असं मला वाटत नाही. मिनेसोटाचे गव्हर्नर म्हणून त्यांनी २०२३ मध्येच या दिशेच्या कायद्यावर सही केली होती. त्यांना मनापासून वाटतं ते ते बोलले. मलाही जे मनापासून वाटतं ते इथे लिहितो.

मी पेन्सिल्व्हेनियात, नॉर्थॅम्प्टन काउंटीत राहतो. या काउंटीने ओबामांना दोनदा निवडलं, २०१६ ला ट्रम्प यांना आणि २०२० ला बायडेन यांना. राज्याची इलेक्टोरल मतं १९. २०१६ ला निकाल फिरला तो साधारण ४४ हजार मतांनी, २०२० ला ८० हजारांनी. त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीआधी पत्रपेटी उघडली की गुळगुळीत कागदाची प्रचारपत्रकं बाहेर सांडायची आणि संध्याकाळी जेवायच्या वेळेला बेल वाजायची. इथले बरेच लोक या सगळ्याला वैतागले होते. मी नाही वैतागलो.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, बेथलेहेम स्टीलच्या भट्टीवर आयुष्य काढलेले. त्या भट्ट्या १९९५ मध्ये थंड झाल्या. तेव्हा प्रचाराला आलेल्या कॉलेजच्या पोरीला त्यांनी अंगणातच गाठलं. यू. एस. स्टील जपानी कंपनीला विकली तर पिट्सबर्गकडच्या कामगारांच्या पेन्शनचं काय होणार, आणि तुमचा उमेदवार याबद्दल नेमकं काय म्हणतो, असं ते विचारत होते. पोरीला उत्तर येत नव्हतं, पण तिने त्यांचा प्रश्न शब्दन् शब्द फोनमध्ये टिपून घेतला. या व्यवहारावर ट्रम्प, बायडेन आणि हॅरिस तिघांनाही बोलावं लागलं होतं. फक्त देशभरातल्या डोक्यांची बेरीज करायची असती तर त्या म्हाताऱ्याच्या अंगणात कोण आलं असतं?

फ्रॅकिंगचंही, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्याचंही, तेच. हॅरिस २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घालायच्या बाजूने होत्या. २०२४ मध्ये १० सप्टेंबरला फिलाडेल्फियातल्या वादचर्चेत त्यांनी सांगितलं की मी बंदी घालणार नाही. त्यांचं मन खरंच बदललं का, मला शंका आहे. पण इथल्या वायूच्या विहिरींवर ज्यांचं घर चालतं त्या माणसांची दखल त्यांना घ्यावी लागली. ती घ्यायला लावली या १९ मतांनी.

भारतातल्या मित्रांना हे सगळं अन्यायाचं वाटतं. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्याही आत आणि तिला तीन मतं, मग जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला ५४ च कशी? पण आपल्याकडे बघा. लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप आजही १९७१ च्या जनगणनेवर चालतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांचा आवाज दिल्लीत कमी होऊ नये म्हणून ते गोठवलं गेलं. आता पुनर्रचनेची चर्चा निघाली की तामिळनाडू, केरळ अस्वस्थ होतात आणि आपल्याला त्यांचं म्हणणं पटतं. तिथे पटतं ते इथे का पटू नये? हा देशही राज्यांनी एकत्र येऊन बनवलेला संघ आहे. १७८७ मध्ये लहान राज्यं या संघात आली ती मोठ्यांच्या संख्येखाली चिरडलं जाणार नाही या भरवशावर. त्या तडजोडीत गुलामगिरीचाही हिशेब होता आणि तो लाजिरवाणाच होता. तो कलंक यादवी युद्धानंतरच्या घटनादुरुस्त्यांनी पुसला. राज्यांना दिलेला शब्द मात्र अजून कायम आहे.

२०१६ मध्ये हरलेल्या हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त होती हे सारखं ऐकवलं जातं. एकट्या कॅलिफोर्नियात त्यांची आघाडी ४२ लाखांहून जास्त होती. ते राज्य बाजूला ठेवलं तर बाकी देशात त्या मागे होत्या. एकाच राज्याच्या उत्साहावर उरलेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरावा हे मला मान्य नाही.

आणि फेरमोजणी? २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांवरून देश पाच आठवडे लटकला होता. पण भांडण एका राज्यापुरतं राहिलं. १९६० ला केनेडी आणि निक्सन यांच्यात देशभरात सव्वा लाखाच्याही आत फरक होता. उद्या असं झालं आणि एकूण मतंच निर्णायक असली, तर प्रत्येक राज्यातल्या प्रत्येक मतदान केंद्रावर वकील उभे राहतील.

कॅलिफोर्नियात बे एरियात राहणारा माझा एक मित्र म्हणतो, आमच्या मताला इथे किंमतच नाही. त्याची तक्रार खरी आहे. पण कॅलिफोर्नियाने १९८८ मध्ये रिपब्लिकन थोरल्या बुशना निवडलं होतं आणि त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाने डेमोक्रॅट डुकाकिसना. आज दोन्ही उलटी आहेत. २००० ला धाकटे बुश २७१ वर पोचले, त्यात वेस्ट व्हर्जिनियाची पाच होती. कुठलंच राज्य कायमचं कुणाच्या खिशात नसतं.

आमच्या बाजूच्या लोकांनाही सांगतो. ट्रम्प यांनी २०१२ मध्ये इलेक्टोरल कॉलेजला लोकशाहीवरची आपत्ती म्हटलं होतं. ते चुकीचंच होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये नेब्रास्कातली इलेक्टोरल मतं मतदारसंघांनुसार विभागायची पद्धत निवडणुकीच्या तोंडावर बदलायचा दबाव आणला गेला, ओमाहाचं एक मत डेमोक्रॅट्सना जाऊ नये म्हणून. तिथल्या विधिमंडळातल्या माइक मॅकडॉनेल या रिपब्लिकन सिनेटरने नकार दिला. मला त्यांचा अभिमान वाटला. नियम जपायचे तर ते आपल्याला अडचणीचे असतानाही जपायचे.

पद्धत बदलायचा सरळ मार्ग घटनादुरुस्तीचा आहे. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ती ३३८ विरुद्ध ७० ने मंजूरही केली, पुढे सिनेटमध्ये ती अडली. आता तो मार्ग सोडून राज्याराज्यांत करार होतोय : आमच्या राज्याने कुणालाही निवडो, आमची इलेक्टोरल मतं देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला. करार लागू व्हायला २७० मतं लागतात, २०२४ पर्यंत २०९ झाली होती. वॉल्झ यांनी सही केली ती यासाठीच. ३८ राज्यांची संमती मिळवायचं टाळून घटना वळवायचा हा प्रयत्न आहे आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. ५ नोव्हेंबर २०२४ ला हॅरिस जिंकल्या असत्या, अगदी एकूण मतांत मागे राहून जिंकल्या असत्या, तरी विरोध असाच राहिला असता.

न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया, मिनेसोटा ही राज्यं या करारात आधीच आहेत आणि तिथे आपली मराठी माणसं भरपूर आहेत. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? राज्याच्या विधिमंडळाचे उमेदवारही तुमच्याच मतावर निवडून येतात. मत देण्याआधी त्यांना फोन करा आणि या कराराबद्दल त्यांचं मत काय ते विचारून घ्या.