बीपी तपासणीच्या ‘त्या’ मेसेजबद्दल खुलासा

‘परदेशी पैशावर संशोधक तयार होतायत, बीपी तपासायच्या नावाखाली ते आपल्यावर नवी औषधं वापरून बघणार’ असा मेसेज निपाणी-खानापूर भागात फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक माझी.

नंतर माहिती वाचली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या फोगार्टी केंद्राचा संशोधक तयार करण्याचा कार्यक्रम खरंच आहे, पण त्यात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांना मधुमेह, हृदयविकार यांसारख्या जुनाट आजारांवर आपापल्या देशात संशोधन करायला शिकवतात. प्रशिक्षण म्हणजे औषधचाचणी नव्हे. आपल्याकडे चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमची संमती लागते. २००९ पासून सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदही सक्तीची आहे, ती कुणालाही ऑनलाइन बघता येते.

निपाणीत तंबाखूत राबणाऱ्या मावश्या-काकांनी तपासणी चुकवू नये, याचीच मला काळजी. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.