हवा बघून घर घ्या!

मुंबईत घर बघायला निघायचं असेल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघा, तेही सकाळी नऊच्या आत. या वेळी एजंटलासुद्धा घाम आलेला नसतो. भिंतीला नवा डिस्टेंपर असतो, खिडकीतून कोवळा उजेड येतो आणि ‘साहेब, इथे पंखाच लागत नाही’ हे वाक्य तो बंद पंख्याखाली उभा राहून बिनदिक्कत म्हणू शकतो. विश्वास ठेवा. जुलैत एखादा एजंट आपणहून घर दाखवायला आलाय, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

खिडकी पश्चिमेचीच मागा. शाळेत शिकला होतात ना, जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा, म्हणून दिवसा वारा समुद्राकडून येतो? त्या वाऱ्याचे वेगळे पैसे पडतात. समुद्र दिसत असेल तर आणखी पडतात, आणि नुसता सुक्या बोंबलांचा वास येत असेल तर जाहिरातीत त्याला ‘सी ब्रीझ’ म्हणतात. मार्चमध्ये हा वारा कधीकधी रुसतो. पूर्वेचे कोरडे वारे त्याला दुपारपर्यंत थोपवून धरतात आणि पारा चाळिशीकडे सरकतो. अशा दुपारी खिडकीत उभं राहून घराच्या हप्त्याचा विचार करावा. अंगावर काटा येतो, तेवढाच गारवा.

मग मृग लागतो. तोच वारा, त्याच बाजूने, आता पाणी घेऊन येतो. ‘नैऋत्य मोसमी वारे’ भूगोलात टीपा लिहायला असायचे, आता ते तुमच्या गादीवर असतात. खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबायचा, भिजला की पिळायचा, पुन्हा कोंबायचा. ऑगस्टपर्यंत नव्या डिस्टेंपरचे पोपडे सुटतात आणि भिंतीवर ओलीचे नकाशे उमटतात. आमच्याकडे गेली तीन वर्षं श्रीलंका येते, यंदा तिच्या उत्तरेलाही काहीतरी दिसतंय. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधा आणि पाहुण्यांना चड्ड्या-बनियनच्या खालून वाकून यायची सवय लावा. सहा दिवसांनी कपडे इस्त्रीनेच वाळवा. कुबट वासाची काळजी नको. ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळ्यांनाच तो येत असतो, त्यामुळे कुणी कुणाला बोलत नाही.

पाऊस परतला की वाराही पडतो, आणि ऑक्टोबरात त्या खिडकीतून दुपारी दोन ते सहा निव्वळ ऊन आत येतं. पश्चिमेची मागितली होतीत, मिळाली. जाड पडदे घ्या.

मजल्याचा प्रश्न सोपा आहे. सगळ्यात वरचा घेतलात तर मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत तव्यासारखी तापलेली राहते आणि जूनमध्ये तीच गळते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर सोसायटीची मीटिंग होते. पहिल्या मजल्यावरचे सभासद तिथे अतिशय समतोल मतं मांडतात आणि निर्णय पुढच्या मीटिंगवर जातो. तोवर ताडपत्री.

तळमजला घेणार असाल तर ‘इथे पाणी भरतं का?’ असं विचारू नका, लोकांना वाईट वाटतं. उत्तर ठरलेलं आहे: ‘भरत नाही हो, साचतं. तासाभरात जातं.’ त्यापेक्षा गुपचूप विजेचा मीटर बघा. तो छातीच्या उंचीवर असेल, शेजारच्या वाण्याने दुकानाच्या उंबऱ्यावर विटांचा बांध घातला असेल आणि फ्रीज चौरंगावर बसवलेला असेल, तर हा परिसर धार्मिक आहे असं समजा आणि टोकन देऊन टाका. लग्नाचा मुहूर्त बघावा तशी पेपरातली भरतीची वेळ मात्र बघत जा. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मुसळधार, असा योग आला की नाल्यांचं पाणी समुद्र घेत नाही. मग ते हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे अशा जुन्या ओळखीच्या ठिकाणी मुक्कामाला येतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. यावरून शहाण्या माणसाने कुलाब्यात घर घ्यावं, असा निष्कर्ष निघतो. घ्या.

थंडीसाठी पवई, आरे, बोरिवलीचं नॅशनल पार्क अशी झाडाझुडपांची बाजू बरी. तिथे पारा शहरापेक्षा दोनेक अंश खाली जातो आणि सोबतीला बिबट्या असतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होते. त्या आशेवर आमच्या आईने एक रजई सांभाळून ठेवली आहे. दरवर्षी ती बाहेर काढतो, डांबरगोळ्या बदलतो आणि परत माळ्यावर टाकतो.

एवढं करूनही भाड्यानेच राहायचं ठरलं, तर अकरा महिन्यांच्या कराराचं मोल ओळखा. एक ऑगस्टला सुरू केलात की जूनअखेरीस संपतो आणि जुलै अख्खा मोकळा. जुलैचं भाडं वाचलं, ते नव्या घराच्या ब्रोकरेजमध्ये गेलं, हिशेब चोख. महिनाभर सामान सासुरवाडीला ठेवा आणि गावी जा. गाव कोकणात असेल तर तिथे पाऊस मुंबईहून जास्त पडतो आणि कौलंही गळतात. पण गळतीखाली पातेलं सरकवायला काकू असते.