लंबक पिसाळतो तेव्हा

अकरावीच्या पोरांना संगणकावर लंबक हलवून दाखवायची खुमखुमी माझी मलाच आली होती. प्राचार्य एवढंच म्हणाले, "पोर्शन संपवा म्हणजे झालं." पोरांनी विचारलं, "सर, हे सीईटीला आहे?" नाही म्हटल्यावर निम्मा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपला.

एक मीटर लांबीचा लंबक, 30 अंशांवरून सोडलेला. खरा असा लंबक साधारण 2 सेकंदांत जाऊन परत येतो; लॅबचं कुलूप सुतळीला बांधून तेही दाखवलं. संगणकावर मात्र कोनाचा आकडा 30 वरून खाली यायचं सोडून वर चढायला लागला.

"सर, भूत!"

भूत साइनमध्ये होतं. साइन 30 म्हणजे एक छेद दोन, हे या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. काहींना तेवढंच येतं. मी वापरलेली संगणकाची भाषा पायथॉन. तो म्हणतो, वजा 0.988. त्याला अंश कळत नाहीत, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात. पण वर्गाने निकाल देऊन टाकला होता: संगणक बिघडलाय. पहिल्या बाकावरच्या मुलीने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचे दहावीचे मार्क मी परत मागतोय.

रेडियन केले. आता लंबक शहाण्यासारखा हलला, पण दर झोक्याला जरा जास्त वर. मग आणखी वर. शेवटी जत्रेतल्या पाळण्यासारखा गरागरा फिरायला लागला. 'ऊर्जा निर्माण करता येत नाही' ही आदल्या तासाची चौकट फळ्यावर तशीच होती.

खाली माझ्या प्रोग्रामच्या तीन ओळी: आधी त्वरण, मग जुन्याच वेगाने नवा कोन, शेवटी नवा वेग. गणितज्ञ ऑयलरची ही रीत 1768 सालची. (पोरं 'युलर' म्हणतात, मी नाद सोडलाय.) दर 0.1 सेकंदाला या ओळी पुन्हा, म्हणजे एक पाऊल; दर पावलाला चूक थोडीशीच, पण वाण्याच्या उधारीसारखी वाढतच जाणारी.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, माझा नीट चालतोय."

खरंच चालत होता. त्याच्या शेवटच्या दोन ओळी खालीवर झाल्या होत्या: आधी नवा वेग, मग त्याच वेगाने कोन. एवढ्यानेच ऊर्जा आटोक्यात राहते. पुढच्या तासाला हेच मी मोठ्या थाटात शिकवणार होतो.

"कसं सुचलं रे?"

"उतरवताना चुकलं, सर."

त्याच्या शेजारच्या तिघांचेही लंबक झकास चालले होते. त्यांनी फळ्यावरून नव्हे, त्याच्याकडून उतरवलं होतं.