साडेतीन वर्षांची वाट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'सागा' या कॉमिक मालिकेवरच्या माझ्या लेखात मी तिचा लेखक ब्रायन के. व्हॉन आणि चित्रकार फिओना स्टेपल्स यांची उगाच वकिली केली असं तुमचं म्हणणं. ५४ अंकांचे पैसे घ्यायचे आणि ऐन मोक्याच्या जागी माणसाला साडेतीन वर्षं लटकवून ठेवायचं ही सरळसरळ फसवणूक आहे, मार्व्हलला दर महिन्याला जमतं, 'वॉकिंग डेड' कॉमिकला जमलं, मग यांनाच काय धाड भरली, आणि यापुढे मालिका पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही कुठल्याच कॉमिकवर एक रुपया खर्च करणार नाही.

तुमचा राग मला कळतो, आणि हे मी बरं दिसावं म्हणून म्हणत नाहीये. जुलै २०१८ मध्ये ५४ वा अंक आला तेव्हा मी तो एका बैठकीत वाचला आणि शेवटच्या पानानंतर कितीतरी वेळ फोन हातात धरून नुसती बसून होते (काय होतं ते इथे लिहीत नाही, अजून न वाचलेली मंडळी इथे येतात). पुढचा अंक थेट जानेवारी २०२२ ला. मधल्या काळात माझी नोकरी बदलली, आम्ही घर बदललं, अख्खा करोना येऊन गेला. म्हणजे वाट बघणं काय असतं ते मला सांगू नका, मीही तुमच्याच रांगेत उभी होते.

पण फसवणूक हा शब्द मला नाही पटत. फसवणूक म्हणजे पैसे घ्यायचे आणि माल द्यायचा नाही. तुम्ही ५४ अंकांचे पैसे दिलेत आणि ५४ अंक तुमच्या हातात पडले, ५५ व्याचे पैसे कुणी मागितलेच नव्हते. शिवाय ते गुपचूप गायब झाले नाहीत, थांबतोय आणि किमान एक वर्ष तरी थांबतोय हे व्हॉनने ५४ व्या अंकातच वाचकांना सांगितलं होतं. त्या एकाची साडेतीन झाली, तिथे तुम्ही चिडलात तर माझं काही म्हणणं नाही. पण त्याआधीचं पण धरा ना, मार्च २०१२ पासून सहा वर्षांत ५४ अंक म्हणजे वर्षाला आठ-नऊ झाले, सहा अंक काढायचे, थोडं थांबायचं, परत सहा, आणि ही सगळी पानं एकाच बाईने काढलेली.

मार्व्हलचं उदाहरण इथे का लागू पडत नाही ते मला नीट सांगायचंय कारण प्रतिक्रियांमध्ये हा मुद्दा सारखा येतो. तिकडे पात्र कंपनीचं असतं. पेन्सिलने काढणारा वेगळा, शाई करणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा, अक्षरं टाकणारा वेगळा, आणि त्यातला कुणी आजारी पडला, दमला, तर पुढचा अंक दुसरा कुणी काढतो, तारीख चुकत नाही. स्पायडरमॅन आजवर किती हातांनी काढलाय. 'सागा'त स्टेपल्स रेखाटन करते, रंगही तीच भरते, आणि त्यातली मुलगी हेझल जी गोष्ट सांगते ना, चित्रांवर ते हाताने लिहिल्यासारखं निवेदन असतं बघा, ते खरंच स्टेपल्सच्या हाताचं अक्षर आहे. आता तुम्हीच सांगा, अंक वेळेवर निघावा म्हणून ते दुसऱ्या कुणाला दिलं तर हेझलचं अक्षरच बदललं की.

आणि पैशाचं बघा. 'सागा' इमेज कॉमिक्स या प्रकाशन कंपनीची. १९९२ मध्ये मार्व्हलसाठी काम करणाऱ्या सात चित्रकारांनी मिळून ही कंपनी काढली ती याचसाठी की ज्याने निर्माण केलं त्याच्याकडेच हक्क राहावेत. प्रकाशक प्रत्येक अंकामागे ठरावीक फी कापतो, उरलेला पैसा आणि सगळे हक्क लेखक-चित्रकाराचे. ऐकायला मस्त वाटतं, पण मार्व्हल-डीसीसारख्या मोठ्या कंपन्यांत पान दिलं की पानाचे पैसे मिळतात, इथे तसं आगाऊ काही नसतं. आधी काही महिने घरचं खाऊन काढायचं, मग अंक छापला जाणार, मग विकला जाणार, मग हिशोब होऊन जे येईल ते.

पान काढायला किती वेळ लागतो हे मलाही आधी कळत नव्हतं. माझी मावसबहीण चित्रकार आहे, तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मिळून २४ पानांचं एक कॉमिक केलं, मी लिहिलं, तिने काढलं. मी चौथ्या पानाला एक ओळ लिहिली होती, 'सकाळ. स्वारगेट स्टँड. तुफान गर्दी.' पाच शब्द, मला लिहायला दहा सेकंद लागले असतील. तिला त्या एका चौकटीला चार दिवस लागले. आधी एसटीचे फोटो काढायला ती स्वतः स्टँडवर गेली, मग मागच्या फलाटाची रेष समोरच्या बसशी जुळेना म्हणून अख्खं पहिलं चित्र टाकून दिलं, मग एकेक माणूस, डोक्यावर बोचकं घेतलेली आजी, बसच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा पोरगा, कंडक्टरच्या खांद्यावरची ती चामड्याची पिशवी. मग शाई, मग रंग. आणि शेवटी मी लिहिलेला संवाद बसवला तर फुगा नेमका त्या आजीवरच आला. मी तिला सॉरी म्हणायच्या आत तिने आजी पुसून डावीकडे परत काढली. नोकरी सांभाळून २४ पानांना तिला अकरा महिने लागले, शेवटच्या दोन महिन्यांत मनगट इतकं दुखायचं की काढताना डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवायची. तेव्हापासून कुणी 'एक अंक काढायला काय लागतं' म्हटलं की मला ते धरलेलं मनगट दिसतं.

'वॉकिंग डेड'चं म्हणाल तर खरंय, २००३ ते २०१९, १९३ अंक, आणि बहुतेक काळ महिन्याच्या महिन्याला, त्याचा लेखक रॉबर्ट कर्कमनला त्याबद्दल मी कायम मानलंय. पण ते आतून काळं-पांढरं होतं, रंगच नाहीत. पहिला चित्रकार टोनी मूर सहा अंकांनंतर मालिका सोडून गेला आणि पुढचं सगळं चार्ली ॲडलार्डने काढलं, करड्या छटा क्लिफ रॅथबर्न भरायचा, आणि मध्ये जेव्हा महिन्याला दोन अंक काढायचे ठरवले तेव्हा शाईला आणखी एक माणूस घ्यावा लागला. म्हणजे वेळ पाळता येते, पण मग त्या वेळेत बसेल असंच पुस्तक पहिल्या दिवसापासून आखावं लागतं. 'सागा' तशी आखलेलीच नाही, आणि ती तशी आखली असती तर तुम्ही-आम्ही तिच्यासाठी भांडलो असतो असं मला वाटत नाही.

आता जिथे तुमचं बरोबर आहे तिथे बरोबरच म्हणणार. उशीर म्हटला की सगळे सारखे नाहीत. 'बॅटल चेझर्स' घ्या, १९९८ ला जो मॅड्युरेरा या चित्रकाराने सुरू केली, २००१ पर्यंत कसेबसे नऊ अंक, मग तो व्हिडिओ गेमच्या धंद्यात गेला आणि दहावा अंक आला २०२३ ला, तोही दुसऱ्या चित्रकाराच्या हातचा. शाळेत असताना पहिला अंक घेतलेल्या पोराला दहावा घेईपर्यंत स्वतःची पोरं झाली असतील. तिथे तुम्ही म्हणाल ते मी मान खाली घालून ऐकेन. आणि १९९३ चं 'डेथमेट', इमेज आणि व्हॅलियंट या दोन प्रकाशकांनी मिळून काढलेलं, त्यात व्हॅलियंटचे अंक वेळेवर आले आणि इमेजचे रखडले, आणि त्यात मेला कोण तर दुकानदार. आपल्याकडे याची कल्पना नसते, पण अमेरिकेत कॉमिकचं दुकानवाला दोन-तीन महिने आधी आकडा सांगून माल मागवतो आणि न खपलेला माल साधारणपणे परत जात नाही. अंक लांबला की लोकांचा उत्साह ओसरतो आणि गठ्ठे त्याच्या गळ्यात पडतात. माझा एक मित्र न्यू जर्सीत असतो, तो दर बुधवारी ऑफिसातून सुटला की आपल्या नावाने काढून ठेवलेले अंक आणायला जायचा. ते दुकान बंद झालं तेव्हा त्याने मला मालकाच्या मागच्या खोलीचा फोटो पाठवला होता, छतापर्यंत खोकी. त्या मालकाने उशिरावरून शिव्या घातल्या तर त्याला मी हे वरचं स्पष्टीकरण ऐकवायला जाणार नाही. आणि लोकवर्गणीतून आधी पैसे गोळा करून पुस्तक न देणारे, वर विचारलं तर उत्तरही न देणारे, त्यांना खुशाल फसवे म्हणा, मीही म्हणेन.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मात्र मला खरंच बोलायचंय. पूर्ण झाल्यावरच घेणार हे तुम्ही 'सागा'सारख्या पाय रोवलेल्या मालिकेबद्दल म्हणत असाल तर ठीक आहे, जाड संग्रह येतात, निवांत घ्या. पण नव्या माणसाच्या पहिल्या अंकाबद्दल सगळ्यांनीच असं ठरवलं तर ती मालिका पूर्ण होणारच नाही. त्याला पगार नाही. दुकानदार पुढच्या अंकाची मागणी आधीच्या अंकाचा खप बघून देतो, तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंत आकडा घसरला की पाचवा काढणं घरातल्यांना सांगता येत नाही. जेसन लुट्सने 'बर्लिन' १९९६ ला सुरू केली आणि २०१८ ला संपवली, २२ वर्षांत २२ अंक, एकट्याने. आज ते एका जाड पुस्तकात मिळतं आणि नाझी सत्तेवर यायच्या आधीचं ते शहर वाचताना रस्त्यावरच्या गर्दीतला एकेक चेहरा वेगळा दिसतो, पण ते आपल्यापर्यंत आलं कारण मधली सगळी वर्षं कुणीतरी वर्षाकाठी येणारा तो एकेक बारीक अंक विकत घेत राहिलं.

तुम्ही लिहिलंय की २०२२ ला 'सागा' परत सुरू झाली तेव्हा तुम्ही रागाने ५५ वा अंक उघडलाच नाही. तो उघडा अशी माझी विनंती आहे. नेहमीच्या अंकाच्या दुप्पट, ४४ पानांचा होता आणि किंमत तीच २.९९ डॉलर ठेवली होती. आणि आत गेल्यावर बघा, गोष्टीतही मध्ये तीन वर्षं गेलीयेत. हेझल दहा वर्षांची झालीये.