कोपरा की तुळशीबाग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘बसायचा कोपरा आहे की तुळशीबागेतलं दुकान? खिडकीशी पाच फुटांत पाच तऱ्हेची कापडं! डोळे फिरतात, आणि धूळ कोण झाडणार? फिकट गादी नि दोन साध्या उशा पुरेत,’ असं तुम्ही खिडकीतल्या बसायच्या कोपऱ्यावरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. धुळीचं मान्य. डोळ्यांचं नाही.

कापडं पाच आहेत म्हणून डोळे फिरत नाहीत; सगळे बुट्टे एकाच मापाचे असले की फिरतात. लेखातल्या यादीत पट्ट्यांची गादी, अजरखचा (ठशांनी छापलेल्या कापडाचा) लोड, इकतची एक उशी, खणाच्या दोन लहान उशा आणि पायाशी गोधडी होती. यात मोठी नक्षी एकच, अजरखची. खणाची बुट्टी इतकी बारीक की सहा फुटांवरून नुसता रंग नि चमक दिसते. तुम्हाला हवी ती साधी उशी म्हणजे हीच. इकतचं सूत आधी बांधून रंगवतात, मग विणतात, म्हणून आकारांच्या कडा फिसकटलेल्या येतात. अजरखच्या ठशाची रेघ रेखीव. म्हणून दोघं शेजारी नांदतात. दोन मोठ्या ठशांची कापडं शेजारी मांडली असती, तर तुमची तक्रार रास्त होती.

रंगांत अजरखची नीळ किंवा विटकरी लाल, एक तरी प्रत्येक कापडात हवा. पांढऱ्याला मात्र जपा. शुभ्र पांढऱ्याशेजारी कोरं पिवळसर पांढरं ठेवलं की ते मळकं दिसतं आणि बोल नक्षीला लागतो. शंका आली तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. सगळं एकाच राखाडीत मिसळलं तर एखादं कापड जास्त गडद किंवा फिकट घ्या, नक्षी तीच राहू द्या.

गादीचे पट्टे कुठल्या दिशेने, हे मात्र लेखात सांगायचं राहिलं, आणि फसगत तिथेच होते. गादी 5 फूट बाय 2 फूट, जाडी 4 इंच; कापडाचा पन्हा (रुंदी) 44 इंच, पट्टे काठाला समांतर. पट्टे लांबीने चालणार असतील तर शिवणीचा दाब धरून वरचा 62 बाय 26 इंचांचा तुकडा अखंड निघतो, उरलेल्या 18 इंचांत बाजूच्या 6 इंची तीन पट्ट्या बसतात. 2 मीटर पुरे, खाली मांजरपाट. पण पट्टे पुढून मागे हवे असतील (दिसतात छान, पुढच्या कडेवरून सरळ खाली उतरतात) तर 62 इंच एका पन्ह्यात मावत नाहीत. शिंपी मग दोन सारखे तुकडे मधोमध जोडून देतो आणि शिवण बरोबर बसायच्या जागी येते. त्याला सांगा, पूर्ण पन्हा मध्ये आणि दोन्हीकडे शिवून साधारण 9-9 इंच उरतील असे तुकडे, म्हणजे दाब धरून 11-11 इंच कापलेले. पट्टे जुळवायचे असल्याने कापड अडीच मीटर घ्या. खणाचा पन्हा मुळातच अरुंद, साधारण 30 इंच. 12 इंची दोन उशांचे दर्शनी भाग त्यात शेजारी शेजारी निघतात, मागे साधं कापड लावा.

सुती कापड शिवण्याआधी धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात खोळ आटते आणि गादी फुगते. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज आहे; जातो तो सुटा रंग, आणि तो साध्या पाण्यानेही जातो. ओला पांढरा फडका लोडावर घासून पाहा. डाग उठला तर आणखी दोन पाणी द्या.

आता धूळ. ती सर्वांत जास्त साठते गालिच्यात आणि झालरीत. झालर नको, खाली सतरंजी टाका. गादीची चेन मागची पूर्ण लांबी आणि दोन्ही बाजूंना अर्ध्यापर्यंत वळवून घ्या. छोट्या चेनमधून फोम काढायचा म्हणजे कुस्ती, मग खोळ धुतलीच जात नाही. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून उशा 2 इंच लांब ठेवा, मागून बुरशी धरते. खिडकी पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये खण काचेपासून दूर हलवा.

फिकट गादी तुमच्याकडे आहेच, ती राहू द्या. लक्ष्मी रोडवरून 1 मीटर अजरख आणा. 24 इंच लांब, 9 इंच व्यासाच्या लोडाची खोळ तेवढ्यात दोन्ही तोंडांसकट होते. आठवडाभर ठेवून बघा, डोळे फिरले तर इथेच कळवा.