टीटीकेमध्ये रंग बदलतो, फक्त जागा वेगळी आहे

पायथन शिकणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय: "टीटीकेच्या विजेटचा रंग कोडमधून बदलत नाही, बदलला तरी माउस नेला की उडतो, त्यापेक्षा टिकिंटरची साधी बटणं वापरा, ती सगळीकडे चालतात." टिकिंटर म्हणजे पायथनमधून खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी, टीटीके हा तिच्यातलाच थीमवर चालणारा संच, आणि विजेट म्हणजे बटण, लेबल असा एकेक भाग. मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि यापायी चांगलं हत्यार सुरुवातीलाच टाकून दिलं जातंय, म्हणून लिहितोय.

पहिलं, 'बदलत नाही'. टीटीकेच्या बटणाला बीजी (बॅकग्राउंडचं छोटं नाव) दिलं की अननोन ऑप्शनचा एरर येतो हे खरंय, पण टीटीकेच्या लेबलला बॅकग्राउंड असं पूर्ण लिहून बघा, ते गुपचूप घेतं. बटणाचा रंग मात्र बटणावर नसतो, स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या रूपाच्या नियमांत असतो. स्टाइलच्या कॉन्फिगरमध्ये 'डेंजर.टीबटन' असं नाव देऊन बॅकग्राउंड लाल करायचं आणि डिलीटच्या बटणाला ती स्टाइल लावायची, नावाचा शेवट टीबटननेच हवा नाहीतर लेआउट सापडत नाही म्हणून एरर येतो. मग ॲप चालू असताना त्या एका नावाचा रंग बदलला की ती स्टाइल लावलेली झाडून सगळी बटणं बदलतात, लूप फिरवायला नको. विंडोजवर एवढं करूनही बटण राखाडीच दिसेल, कारण तिथली व्हिस्टा थीम बटण विंडोजकडून रंगवून घेते. टीटीकेचीच दुसरी थीम 'क्लॅम' लावा, लाल दिसेल.

दुसरं, 'माउस नेला की उडतो'. हा बग नाहीच. क्लॅमने ॲक्टिव्ह अवस्थेसाठी (माउस बटणावर असताना) स्वतःचा रंग मॅपमध्ये, म्हणजे कुठल्या अवस्थेला कुठला रंग या यादीत, ठेवलाय आणि मॅपपुढे कॉन्फिगरचं काही चालत नाही, म्हणून आपला रंगही मॅपमध्येच द्यायचा. क्रम सांभाळा, आधी डिसेबल्ड (बंद बटण) मग ॲक्टिव्ह, कारण जी अवस्था आधी जुळते तिचाच रंग लागतो. क्लिक झाल्या झाल्या बटण डिसेबल केलं तर माउस अजून त्याच्यावरच असतो, म्हणजे दोन्ही अवस्था एकदम लागू, आणि क्रम उलटा असेल तर बंद बटण चालू असल्यासारखं दिसतं. वापरणारा बिचारा क्लिक करत बसतो.

तिसरं, 'सगळीकडे चालतात'. मॅकवर टिकिंटरच्या साध्या बटणाला बीजी देऊन बघा, बटणाचा रंग ढिम्म हलत नाही, कारण तिथे ते मॅकच रंगवतो.

क्लॅम अख्ख्या ॲपला लागते आणि विंडोजवर जरा जुनाट दिसते, हे मान्य. नेटिव्ह रूपच हवं असेल तर थीमला हात लावू नका, रंग लेबलांनाच द्या.